थेल्मा गार्साइडचा पळून गेलेला नवरा

थेल्मा गार्साइडला तिच्या नवऱ्याने कधीही टाकलं नव्हतं, हे आधीच सांगून मोकळा होतो. विल्फ गार्साइडला पळून जायचं असतं तर त्याने आधी बायकोलाच विचारलं असतं, स्वेटर कुठला घालू म्हणून. पण एकाहत्तर साली, इंग्लंडात नवी दशमान नाणी आली त्या वर्षी, आमच्या हॅडर्सली गावातल्या दर दुसऱ्या खांबावर छापील कागद लागला होता की थेल्मा ही नवऱ्याने टाकलेली बाई आहे. ते कागद चिकटवायची खळ विल्फनेच कालवून दिली होती. गुठळी राहू दिली नव्हती.

थेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात कस्टर्ड वाढायची. डोक्यावर जाळी, हातात लांब दांड्याची पळी, आणि आवाज असा की रांगेतल्या शेवटच्या पोरानेही ताट सरळ धरावं. आठवडाभर त्या आवाजाला काम एवढंच, "सरक पुढे" आणि "कोबी कोण खाणार, तुझा बाप?" शनिवारी संध्याकाळी मात्र तीच बाई हिरवा चमचमता झगा घालून आमच्या कामगार क्लबाच्या स्टेजवर उभी राहायची. मागे ऑर्गनवर सिरिल. सिरिल एरवी शवपेट्या बनवायचा, त्यामुळे त्याचा चेहरा आधीच गाण्याला साजेसा असे. थेल्माने पहिला सूर लावला की बारवरचा माणूस ग्लास भरता भरता थांबायचा. आमच्या क्लबात ग्लास भरणं याआधी फक्त एकदा थांबलं होतं, राजा वारला तेव्हा, आणि तेव्हाही लोक कुरकुरले होते.

ती गायची ब्लूज आणि सोल. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी पोटात तुटलं म्हणून रचलेलं गाणं, आणि सोल ही त्याची चर्चमध्ये वाढलेली बहीण. दोघांचंही आमच्या गिरण्यांच्या गावाशी काही नातं नाही. पण थेल्माचा भाऊ लेन लिव्हरपूलहून सुटणाऱ्या जहाजांवर आचारी होता आणि दर फेरीला न्यूयॉर्कहून तबकड्या आणायचा. त्यांची थप्पी थेल्माच्या जिन्याखाली होती. त्या ऐकून ऐकून ती स्वतः गाणी करायला लागली, आणि पन्नाशीला टेकेपर्यंत एकच गोष्ट मनात धरून होती. त्या थप्पीत एक तबकडी तिच्या नावाची असावी. दुसरं काही नको. माझ्या बायकोला, मर्टलला, ती एकदा म्हणाली होती, "माझा आवाज कस्टर्डात बुडाला गं. मरायच्या आधी एकदा बाहेर काढून वाळत घातला पाहिजे."

आता एवढी दुःखाची गाणी करायची तर दुःख हवं, आणि घरात ते मिळण्यासारखं नव्हतं. विल्फ बसवर कंडक्टर होता. पितो किती, तर लेमोनेड. शिवी द्यायची वेळ आली तर टोपी काढून पुन्हा घालायचा. फावल्या वेळात मळ्याच्या कडेला कबुतरं पाळायचा. आमच्या गल्लीतल्या यच्चयावत नवऱ्यांचा तो शत्रू होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

म्हणून थेल्मा दुःख बाहेरून आणायची. खाटकाच्या रांगेतून, बसस्टॉपवरून, शाळेत बटाटे सोलता सोलता. बायका तिच्याजवळ बोलायच्या, कारण ती ऐकताना मान छान हलवायची. पंधरा दिवसांत त्याचं गाणं व्हायचं. नाव घ्यायची नाही, पण नावाची गरजच नसे. दोन ओळी झाल्या की क्लबातल्या माना हळूहळू वळायच्या, हे कुणाचं म्हणून, आणि बरोबर माणसावर येऊन थांबायच्या. डॉरिस बॅरॅक्लॉचा नवरा घर सोडून गेला तो कपडेच नाही, कपाटही घेऊन गेला. त्याचं गाणं झालं:

कपाट नेलंस, ठेवलेस तेवढे हँगर,
वारा आला की तेच बोलतात माझ्याशी.

सगळा क्लब डॉरिसकडे बघून डोळे पुसत होता. गाणं संपल्यावर डॉरिस स्टेजजवळ गेली आणि म्हणाली, "छान होतं हो. पण कपाट ओकचं होतं. तू पाइनचं म्हणालीस. लोकांना काय वाटेल?"

आमच्या क्लबाचा सेक्रेटरी हॉरेस मर्गाट्रॉइड. नियमाचा माणूस. नियमांची पुस्तिका वरच्या खिशात, पेनाच्या शेजारी. त्याची बायको एनिड कधीतरी थेल्माजवळ बोलून गेली की हॉरेस जेवताना दोन्ही ताटांतले वाटाणे मोजून सारखे करतो. झालं.

तुझ्या ताटात जेवढे, तेवढेच माझ्या,
प्रेम कुणी मोजून वाढतं का रे राजा?

त्या शनिवारी हॉरेसही इतरांसारखा मान वळवून बघत होता, कोण बुवा हा. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की बाकीच्यांच्या माना थांबल्यात आणि एकट्याचीच फिरते आहे. त्याने उठून माइक घेतला आणि मटणाच्या गरम पाई आल्याची घोषणा केली. आमच्याकडे पाई आल्या म्हटलं की स्टेजवर कोण आहे याचा विचार करायचा नाही, उठायचं आणि रांग लावायची. गाणं तिथेच संपलं. पाई यायला अजून अर्धा तास होता.

तर त्या वर्षीच्या सप्टेंबरात एका शनिवारी लंडनहून एड्रियन फॅन्शॉ नावाचा एक लांब केसांचा, मऊ कातड्याच्या कोटातला माणूस आला. एका छोट्या तबकडी कंपनीचा होता. गाडी बिघडली म्हणून क्लबात शिरला, आणि थेल्माचं ऐकून गाडी विसरला. आमच्याच टेबलाशी येऊन बसला.

"मिसेस गार्साइड, मी आयुष्यात असं काही ऐकलेलं नाही."

"मग जरा बाहेर पडत जा, पोरा," थेल्मा म्हणाली.

त्याला अख्खी मोठी तबकडी काढायची होती, सगळी तिची गाणी, इथेच क्लबात, या लोकांसमोर, या धुरात. थेल्माचा काटा ताटातच राहिला. मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "एकच विचारतो. गेल्या वर्षी आम्ही एका मुलीची तबकडी काढली. उपाशी पोटाची गाणी. मग पेपरात आलं की तिच्या वडिलांकडे शर्यतीचे घोडे आहेत. दुकानदारांनी खोकी परत पाठवली. तुमचं हे सगळं खरं आहे ना?"

"अक्षर न् अक्षर," थेल्मा म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"नवरा जाऊन किती दिवस झाले?"

मी तोंड उघडलं. मर्टलने टेबलाखालून माझ्या नडगीवर बुटाचं टोक ठेवलं आणि दाबलं. थेल्मा खाली बघत होती. मला वाटतं तिला जिन्याखालची थप्पी दिसत असावी.

"ते काय मोजत बसायचं," ती हळूच म्हणाली.

नेमका तेव्हाच पळून गेलेला नवरा बारवरून तिचं लेमोनेड घेऊन आला, ग्लास तिच्यासमोर ठेवला, टेबलावरचा ओला डाग बाहीने पुसला. एड्रियनने त्याच्या हातात एक नवं नाणं ठेवलं. "ठेव तुला," म्हणाला. विल्फने नाणं उलटंसुलटं पाहिलं, "आभारी आहे, साहेब," म्हणाला, आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला, म्हणजे पाहुण्याला मोकळेपणाने बोलता यावं.

गार्साइडांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मी काही कान लावत नाही. भिंतच तशी आहे. त्या रात्रीचं बोलणं मला जसंच्या तसं पाठ आहे.

"थेल्मा, मी गेलोय म्हणजे नेमका कुठे गेलोय?"

"ग्रिम्स्बीला."

"ग्रिम्स्बीला कशाला? ते मासळीचं बंदर. मला मासे सोसत नाहीत."

"पळून जाणाऱ्याला कोणी जेवणाची आवड विचारत नाही."

"बरोबर कोणी आहे का?"

"असेल एखादी."

"लाल केसांची नको. आईला आवडायच्या नाहीत."

"तुझी आई जाऊन किती वर्षं झाली, विल्फ."

"म्हणून काय झालं."

मग कूस बदलल्याचा आवाज. मग पुन्हा विल्फच.

"मी तुझ्याशी वाईट वागलो का गं?"

"फार."

"मारबीर नाही ना?"

"नाही रे. नुसता निघून गेलास. चिठ्ठीसुद्धा न ठेवता."

"चिठ्ठी ठेवली असती मी," विल्फ म्हणाला, आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला.

पुढचे तीन आठवडे एड्रियनची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की विल्फ मागच्या दाराने कबुतरांकडे जायचा. एकदा उशीर झाला. चपला राहिल्या शेगडीपुढे. एड्रियनने त्या पाहिल्या, वाकून एक उचलली.

"त्याच्या अजून ठेवल्यात?"

"ठेवल्यात."

"गरम आहेत."

"रोज शेगडीपुढे ठेवते," थेल्मा म्हणाली. "सवय जात नाही." एड्रियनने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. हे मर्टलने पाहिलं, ती साखर मागायला गेली होती. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात साखर कधी पुरली नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गावाला माहीत, विल्फला माहीत, पाहुण्याला माहीत नाही, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण एड्रियनने कागद छापले. 'थेल्मा गार्साइड. नवऱ्याने टाकलेल्या बाईची सत्यकथा, तिच्याच आवाजात.' एक कागद क्लबाच्या फळ्यावरही लागला, आणि हॉरेस मर्गाट्रॉइडने तो चष्मा लावून वाचला.

आता आमच्या क्लबाची गोष्ट अशी की बायकांना मेंबर होता येत नसे. मेंबराची बायको म्हणून यायचं. दारात मेंबराने म्हणायचं, "ही माझ्याबरोबर," आणि मग ती आत. मर्टल म्हणायची, कुत्र्याला निदान गळ्यात पट्टा तरी देतात. थेल्मा इतकी वर्षं गात होती ती विल्फची बायको म्हणून, एक ताट पाई आणि वाटाणे यावर. पैसे घेणारी कलाकार म्हणून नाही. कलाकारांची निवड फेब्रुवारीत व्हायची, कमिटीपुढे गाऊन दाखवून, आणि हा ऑक्टोबर होता.

मी कमिटीवर होतो. हॉरेसने बैठक बोलावली आणि पुस्तिका टेबलावर ठेवली.

"थेल्मा गार्साइडला नवऱ्याने टाकलं आहे," तो म्हणाला. "नवरा नाही, तर ती कुणाबरोबर येणार?"

"हॉरेस," मी म्हणालो, "विल्फ आत्ता बाहेर तुझ्या सायकलच्या चाकात हवा भरतोय."

"माझ्या डोळ्यांना काय दिसतं हा प्रश्न नाही. क्लबाच्या फळ्यावर काय लागलंय हा प्रश्न आहे. ते खरं असेल तर ती आत येऊ शकत नाही. खोटं असेल तर क्लबाने आपल्या फळ्यावर खोटं लावलं. मग लंडनच्या साहेबाला मी स्वतः सांगतो की काढा तो कागद."

"वाटाण्यांचं अजून विसरला नाहीस वाटतं," खाटिक म्हणाला.

"वाटाण्यांचा इथे संबंध नाही," हॉरेस म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. मतासाठी हात वर झाले. नियम हॉरेसच्या बाजूचा होता, काय करणार.

ध्वनिमुद्रणाचा शनिवार उजाडला तो रिमझिमतच. संध्याकाळी सहा वाजता सभागृह गच्च. शेजारच्या गावाहून बायकांची एक बस आली होती, एड्रियनचा कागद वाचून. त्यांना बस भरून आल्या म्हणून दुपारीच एकगठ्ठा परवानगी काढून आत घेतलं होतं, तो नियम वेगळा. कोपऱ्यात टेपचं यंत्र, जमिनीवर वायरींचं जाळं, सिरिल ऑर्गनवर काळा कोट घालून. आणि थेल्मा दाराबाहेर, हिरव्या झग्याखाली रबरी बूट, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी.

"कुणाबरोबर?" हॉरेस दारात आडवा.

"बाजूला हो, हॉरेस."

"कुणाबरोबर ते सांग, होतो."

एड्रियन धावत आला. काय भानगड म्हणून. हॉरेसने त्याला नियम वाचून दाखवला. एड्रियन म्हणाला, "मग कोणीतरी म्हणा ना, ही माझ्याबरोबर. साधी गोष्ट आहे."

त्याला काय जातंय साधी म्हणायला. खांबाखांबावर छापलंय की ही टाकलेली बाई, आणि अख्ख्या रस्त्यासमोर कोणी म्हणायचं, ही माझ्याबरोबर? खाटकाने हात अर्धा वर केला. त्याची बायको म्हणाली, "खाली घे. नाहीतर सोमवारपासून सुरी माझ्या हातात." मी नुसता श्वास घेतला. मर्टल म्हणाली, "तोंड मीट. पाऊस आत जाईल."

 थेल्माने टोपीवरचं पाणी झटकलं आणि आतल्या उजेडाकडे बघितलं. यंत्राची चाकं तिथून दिसत होती. विल्फ आला तर तबकडी गेली, नाही आला तरी गेली. हे तिला कळलं होतं, आम्हा सगळ्यांना कळलं होतं. हॉरेसला तर केव्हाच कळलं होतं.

तेव्हा बाटल्यांच्या खोक्यांमागून विल्फ बाहेर आला. हातात कापडी पिशवी. दर शनिवारी तो थेल्माच्या मागून तिचे स्टेजवरचे बूट घेऊन चालायचा, ते चिखलात खराब व्हायचे म्हणून, आणि आज लपून का होईना, आलाच होता. हॉरेससमोर उभा राहिला.

"ही माझ्याबरोबर आहे," म्हणाला.

एड्रियनने त्याला निरखलं. "तुम्ही तर वेटर."

"मी नवरा."

 हॉरेसच्या चेहऱ्यावर हळूहळू सकाळ व्हायला लागली. एड्रियनने एकदा विल्फकडे बघितलं, एकदा थेल्माकडे, आणि मग त्याने जे म्हटलं त्यावर क्लबात अजून वाद चालतो की हा माणूस भोळा की वेडा.

"तुम्ही परत आलात," तो म्हणाला.

विल्फने बायकोकडे पाहिलं. बायको जमिनीकडे पाहत होती.

"आलो," विल्फ म्हणाला.

"कुठून?"

"ग्रिम्स्बीहून."

"का? का आलात?"

विल्फला खोटं बोलायचा सराव नव्हता. बिचाऱ्याने खूप विचार केला. "मासे सोसेनात," तो म्हणाला.

एड्रियनला याहून मोठं काही मिळालं नसतं. पळून गेलेला नवरा, नेमका याच संध्याकाळी. त्याने विल्फला धरून पहिल्या रांगेत बसवलं, आणि एक दिवा ओढून त्याच्या तोंडावर सोडला. थेल्माने बूट बदलले आणि स्टेजवर गेली. चाकं फिरायला लागली.

पहिलंच गाणं कपाटाचं. सवयीने माना डॉरिसकडे वळायला लागल्या, पण दिवा विल्फवर, त्यामुळे त्या मध्येच बिचकून विल्फवर आल्या. बसमधून आलेल्या बायकांना तर सरळच कळलं, हाच तो. एकजण मोठ्याने म्हणाली, "कपाटसुद्धा? मेल्या." दुसरं गाणं दारूचं. ते खरं तर कुणाचं, हे सांगत नाही, त्याचा मुलगा आता नगरपालिकेत आहे. तो गृहस्थ विल्फच्या मागे बसून जिभेने चुकचुकत होता. क्लबातल्या सगळ्या दोषी नवऱ्यांना त्या संध्याकाळी इतकं हलकं वाटलं की काही जणांनी पुढे वाकून विल्फच्या खांद्यावर हात ठेवला. मग वाटाण्यांचं आलं. हॉरेस हाताची घडी घालून, पाय पसरून ऐकत होता. थेल्माचं गाणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आवडलं.

"बायकोच्या ताटातले वाटाणे मोजतो," तो मान हलवत म्हणाला. "काही लाज?"

शेजारी एनिडने ग्लास खाली ठेवला. जरा जोरात ठेवला.

आणि तेवढ्यात बसमधल्या त्या बाईने उठून, जाता जाता, जळती सिगारेट विल्फच्या लेमोनेडमध्ये विझवली. विल्फने वर पाहिलं. "माफ करा, बाई," म्हणाला, आणि ग्लास बाजूला सरकवला, तिच्या बाहीला लागू नये म्हणून.

"सिरिल, थांब," थेल्मा म्हणाली.

सिरिल थांबला. एड्रियन यंत्रापाशी बसून हाताने खुणा करत होता, चालू ठेवा, चालू ठेवा.

"तुलाच सांगतेय, पोरा," थेल्मा माइकमध्ये म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोलले. हा माणूस कुठेही गेला नव्हता. ग्रिम्स्बी त्याने नकाशात पाहिलं असेल. मला तबकडी हवी होती, म्हणून मी गप्प बसले आणि याला गप्प बसवलं. आता ती नाही निघाली तरी चालेल." इथे तिने यंत्राच्या फिरत्या चाकांकडे पाहिलं. "चालेल म्हणजे, वाईट वाटेल. पण चालेल. त्या बाईंनी त्याला दुसरं लेमोनेड आणून द्यावं."

बसमधली बाई मुकाट्याने बारकडे गेली.

"गाणी मात्र खरी आहेत," थेल्मा म्हणाली. "फक्त माझी नाहीत. आता पहिल्यापासून म्हणते, ज्यांची आहेत त्यांची नावं घेऊन. ज्याला उठून जायचंय त्याने आत्ता जावं."

आता कोण उठणार? उठला तो सापडला. मी इतकी माणसं इतकी ताठ बसलेली चर्चमध्येही पाहिली नाहीत.

"हे डॉरिस बॅरॅक्लॉचं," थेल्मा म्हणाली. "आणि कपाट ओकचं होतं."

"आता बरोबर," मागून डॉरिसचा आवाज आला. तो तबकडीत आहे.

मग एकेक. नाव, आणि गाणं. आधी तिने कधी असं गायलं नव्हतं. आधी ती दुःख उसनं घेऊन गायची, आता ज्याचं त्याच्या हातात देत होती. माझ्या शेजारी मर्टल रडत होती, आणि मी प्रार्थना करत होतो की तिने बटाटे सोलताना थेल्माजवळ काही बोललेलं नसावं.

"हे एनिड मर्गाट्रॉइडचं," थेल्मा म्हणाली.

दोन ओळी झाल्या नाहीत तोच हॉरेस उठला. बारजवळचा माइक उचलून त्याने त्यावर टिचकी मारली. "मंडळी, शांतता. पाई आल्या आहेत."

कोणी उठलं नाही.

"गरम आहेत," हॉरेस म्हणाला. "पाई. आल्या आहेत."

एकही खुर्ची करकरली नाही. क्लब स्थापन झाल्यापासून असं झालं नव्हतं. मग त्या शांततेत एनिड म्हणाली, ओरडली नाही, टेबलावर बोलतात तसं म्हणाली, "खाली बस, हॉरेस." आणि हॉरेस बसला. थेल्माने पुढची ओळ उचलली.

सगळं संपल्यावर एड्रियन यंत्रामागून उठून आला.

"तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं."

"मी परत जाऊन मालकांना काय सांगू?"

"सांग, बाईला नवरा आहे," थेल्मा म्हणाली. "आणि पाई खाऊन जा. गार होताहेत."

नाताळाच्या आधी तबकडी आली. कव्हरवर क्लबाचं दार आणि दारात रबरी बुटांतली थेल्मा. आत सगळं तसंच ठेवलं होतं, नावं, डॉरिस, लेमोनेड, पाई. लंडनच्या कुठल्याशा पेपराने लिहिलं की इंग्लंडात असा सोल कोणी ऐकलेला नाही. तिकडे किती खपली कोण जाणे. हॅडर्सलीत दुकान उघडायच्या आत रांग होती, कारण आपण त्यात आहोत की नाही हे प्रत्येकाला बघायचं होतं. ज्या नव्हत्या त्यांचं जास्त बिनसलं. किराणावाल्याची बायको वर्षभर थेल्माशी बोलली नाही. म्हणे, माझं दुःख काय कमी होतं? थेल्माने आपली प्रत जिन्याखालच्या थप्पीत सरकवली, बाहेर काढली, पुन्हा सरकवली. बराच वेळ तेच चाललं होतं. भिंतीतून ऐकू येत होतं.

पण त्यानंतर गावात तिच्यासमोर कोणी तोंड उघडेना. ती खाटकाच्या दुकानात शिरली की सगळी रांग हवामानावर बोलायची. शाळेत बटाटे मुक्याने सोलले जायचे. वसंतात एड्रियन पुन्हा आला, दुसरी तबकडी हवी म्हणून.

"कशावर करू?" थेल्मा म्हणाली. "माझ्याकडे आता फक्त विल्फ उरलाय."

"मग विल्फवर करा."

"विल्फवर ब्लूज होत नाही रे. मी प्रयत्न केलाय."

तरी तिने एक गाणं केलं. थंडीत विल्फ रोज तिच्या आधी अंथरुणात शिरायचा, तिच्या बाजूला गरम पाण्याची पिशवी ठेवून स्वतः तिथे झोपायचा, आणि ती आली की उठून आपल्या गार बाजूला सरकायचा. बस, एवढंच. एप्रिलमधल्या एका शनिवारी तिने ते क्लबात म्हटलं. ना दारू, ना कपाट, ना कुणाचं नाव. सिरिलने एकेक सूर हळूच लावला. माना कुणाकडे वळल्या नाहीत. म्हणजे बायकांच्या वळल्या, प्रत्येकीची आपापल्या शेजारी.

मर्टल आणि मी घरी निघालो. मी म्हणालो, "गाणं बरं होतं." ती म्हणाली, "कोणती बाजू गार असते, तुला ठाऊक आहे?" मी म्हणालो, "डावी?" ती पुढे चालायला लागली.

सोमवारी कमिटीची बैठक झाली. हॉरेसने बोलवायची गरज पडली नाही, आम्ही सगळे आपणहून आलो. आधीच्या गाण्यांनी क्लबातल्या काही जणांची नावं गेली होती, हे एकटं गाणं सरसकट सगळ्यांना घरातून बाहेर काढत होतं. ठराव एकमताने झाला की मिसेस गार्साइड यांनी हे गाणं पुन्हा गाऊ नये अशी त्यांना अत्यंत आदरपूर्वक विनंती करावी. निरोप घेऊन मला पाठवलं, शेजारी म्हणून.

थेल्माने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. मग विचारलं, "औषधवाल्याकडे गेला होतास का रे आज? म्हणतात, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या संपल्या."

मी म्हणालो, मला काय माहीत. शेवटची मीच घेतली होती, कोटाखाली होती, आणि तिला ती दिसत होती.